‘जात्यावरच्या ओव्या’: लोकगीताचा अर्थ शोधणाऱ्यांसाठी एका संग्रहाचे परीक्षण

माण तालुक्यातल्या माझ्या आजीच्या तोंडी एक ओवी होती: ‘सरलं दळण, सरलं म्हणू कशी। सासर माहेर दोन्ही भरल्या राशी’. मराठी शिकवत असताना मी ही ओवी कितीतरी वर्षे मुलांना ‘बाईचे काम कधीच संपत नाही’ या अर्थाने समजावून सांगितली. पहिल्या ओळीतला ‘सरलं म्हणू कशी’ हा प्रश्न मी थकलेल्या बाईचा सुस्कारा मानला आणि दुसऱ्या ओळीतल्या राशींना न संपणाऱ्या दळणाचे ढीग करून टाकले. हा अर्थ चुकीचा होता, हे मला निवृत्तीनंतर कळले. ते ज्या संग्रहामुळे कळले, त्याचे हे परीक्षण आहे. लोकगीताचा अर्थ नीट लावायला या संग्रहाची किती मदत होते, एवढ्या एकाच कसोटीवर मी तो पाहिला आहे.

पत्रकार पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, म्हणजेच ‘पारी’ या संकेतस्थळावर ‘ग्राइंडमिल साँग्ज प्रोजेक्ट’ नावाचा एक विभाग आहे. मराठीत त्याला ‘जात्यावरच्या ओव्या’ असे साधे आणि योग्य नाव दिलेले आहे. 2017 पासून तिथे ओव्या टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आहेत. पाहायला, वाचायला आणि ऐकायला काहीही पैसे पडत नाहीत. ओवीचा मराठी पाठ, तिचे इंग्रजी भाषांतर, गाणारीचा आवाज, अनेक ठिकाणी तिचे छायाचित्र किंवा चित्रफीत आणि सोबत प्रस्तावनेचा लेख, असे या पानांचे सर्वसाधारण स्वरूप आहे.

संग्रह मात्र ‘पारी’हून जुना आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघा समाज-अभ्यासकांनी पुण्यातल्या ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेच्या माध्यमातून गावागावांतल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन या ओव्या गोळा केल्या. हे काम वीस वर्षे चालले आणि त्यातून महाराष्ट्रातल्या 1,000 हून अधिक गावांतल्या 1,10,000 हून अधिक ओव्या लिहून झाल्या. 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे आणि संगणकाचे जाणकार अभ्यासक या कामात आले. त्यांच्यामुळे ओव्यांची माहिती संगणकावर पद्धतशीर साठवली गेली आणि सुमारे 120 तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. पॉइत्वाँ 2004 मध्ये गेले आणि राईरकर 2010 मध्ये. हे काम ज्या वर्षांत झाले, त्या वर्षांत गावोगावच्या पिठाच्या गिरण्यांनी घरातले जाते कोपऱ्यात सरकवून टाकले होते. पहाटे उठून दळण्याची गरज उरली नाही आणि दळताना गाण्याचा प्रसंगही उरला नाही. लग्नात हळद दळण्यापुरते जाते पुढे येते, पण रोजच्या दळणाबरोबर मनातले बोलून घेण्याची ती वेळ पुन्हा येत नाही. म्हणून ज्या बायांना शंभर-शंभर ओव्या पाठ होत्या, त्या हयात असतानाच हे लेखन झाले, ही गोष्ट मला आकड्याहूनही मोठी वाटते.

आता अर्थाकडे वळते. माझी चूक सुधारली ती कोणा विद्वानाच्या टीपेने सुधारली नाही, तर शेजारच्या ओव्यांनी. या संग्रहात ओव्या विषयवार लावलेल्या आहेत. जात्याला ‘ईश्वरा’ अशी हाक मारणाऱ्या ओव्या, पहिल्या ओवीच्या ओव्या, भावाच्या, लेकीच्या, पंढरीच्या, आणि तशाच दळण संपतानाच्या. या शेवटच्या गटातल्या ओव्या एकामागून एक वाचत गेले, तेव्हा त्यांत तक्रारीचा सूर कुठेच सापडेना. सुपात थोडे गहू उरले आहेत असे सांगून लगेच भावांचे नाव घ्यायचे, नवऱ्याला आणि लेकरांना आयुष्य मागायचे, दोन्ही घरे भरलेली असू देत म्हणायचे, असा सगळा आशीर्वादाचा मजकूर. मग लक्षात आले की ‘सरलं’ हा शब्दच तोंडातून काढायचा नाही, असा हा संकेत आहे. आपण कुंकू ‘पुसत’ नाही, बांगडी ‘फुटली’ न म्हणता ‘वाढवली’ म्हणतो, दिवा मालवताना तोही ‘वाढवतो’ आणि घरून निघताना ‘जाते’ म्हणण्याऐवजी ‘येते’ म्हणतो. त्याच रीतीने धान्य सरले असे बाई म्हणणार नाही. ‘सरलं म्हणू कशी’ याचा अर्थ ‘ते अभद्र मी कसे बोलू’ असा आहे आणि राशी म्हणजे दळायचे राहिलेले ढीग नसून सासरी-माहेरी धान्याने भरलेली खळी आहेत. मी जिला थकव्याची ओवी समजत होते, ती भरभराट मागणारी ओवी निघाली.

ओवी एकटी वाचली की तिचा अर्थ निसटतो आणि आपल्या मनातला अर्थ तिच्या जागी येऊन बसतो. निवडक लोकगीतांच्या छापील पुस्तकांत नेमके हेच होते, कारण तिथे संपादकाला आवडलेली एकेक ओवी सुटी करून ठेवलेली असते. या संग्रहात एकाच आशयाच्या दहा-वीस ओव्या वेगवेगळ्या गावांतून आलेल्या समोर येतात, आणि एका गावच्या पाठात जो शब्द अडतो तो दुसऱ्या गावच्या पाठात उलगडतो. केवळ एवढ्यासाठीही मी हा संग्रह प्रत्येक मराठी शिक्षकाला सुचवेन.

दुसरी मोठी जमेची बाजू म्हणजे गाणारीची नोंद. तिचे नाव, गाव, तालुका, जात, बऱ्याचदा वय आणि कामधंदा हे सगळे ओव्यांबरोबर दिलेले असते. पूर्वीच्या अनेक संग्रहांत ओवी ‘अज्ञात स्त्री’ची असे आणि त्यामुळे ती सगळ्याच बायांची मानली जाई. ‘अस्तुरी जन्मा नको घालू श्रीहरी। रात न दिस परायाची ताबेदारी’ ही ओवी घ्या. ‘अस्तुरी’ म्हणजे स्त्री, एवढा अर्थ कोणीही सांगेल. ‘ताबेदारी’ हा मात्र कचेरीतला, हुकमाचा शब्द आहे. सासरच्या चुलीपाशी उभी असलेली बाई आपल्या स्थितीसाठी चाकरीतला शब्द उचलते आहे. ‘परायाची’ हा शब्द शेतमजुरी करणाऱ्या बाईच्या तोंडी येतो तेव्हा त्यात सासरचे लोक असतात आणि ज्याच्या बांधावर ती राबते तो मालकही असू शकतो. गाणारी कोण हे ठाऊक नसेल, तर हा दुसरा अर्थ आपल्या मनातच येत नाही. जात नोंदवणे काहींना खटकेल, याची मला कल्पना आहे. पण ओवीच्या अर्थाच्या दृष्टीने ती नोंद आवश्यक आहे, आणि राईरकर-पॉइत्वाँ यांनी संकोच न करता ती ठेवली हे फार बरे केले, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा सगळ्यात चांगला पुरावा बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधून आलेल्या ओव्यांत मिळतो. तिथल्या बायांनी बाबासाहेब आंबेडकरांवर, रमाईंवर आणि बुद्धावर ओव्या गाइल्या आहेत. ओवीची चाल तीच आणि ‘पहिली माझी ओवी’ ही सुरुवातही तीच. हा संकेत ज्याला माहीत नाही, त्याला ही केवळ आदरांजली वाटेल. पण पहिली ओवी देवाला किंवा आईबापाला वाहायची असते, ती जागा कोणाला द्यायची हे गाणारी ठरवते, आणि एकदा दिली की पुढचे सगळे दळण त्याच्या नावाने होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ओवीचे वजन कळते. 1956 साली नागपुरात जे धर्मांतर झाले, त्याची घरातल्या जात्यावरची खूण म्हणून मी या ओव्यांकडे पाहते. ‘पारी’ने त्या स्वतंत्रपणे, त्यांचा संदर्भ देऊन प्रसिद्ध केल्या आहेत. या विभागात पहिल्यांदाच येणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, असे मी सांगेन.

परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनी गाइलेल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या हा या संग्रहातला माझ्या सर्वाधिक आवडीचा भाग आहे. त्या ऐकताना लोकगीतातली सीता ग्रंथातल्या सीतेहून किती निराळी आहे, हे आपोआप उलगडते. आपल्याकडच्या बायकांच्या रामायणात सीतेला घराबाहेर काढण्यामागे सासू असते. कैकयी सीतेला रावण कसा दिसतो ते विचारते, सीतेने त्याच्या पायाचा अंगठा तेवढा पाहिलेला असतो, म्हणून ती भिंतीवर अंगठा काढते, आणि कैकयी त्यावरून उरलेला रावण पुरा करून रामाला दाखवते. ही कथा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी बायांच्या ओव्यांत आहे. तिच्याच जोडीला दुसरी एक कल्पना येते: सीतेला सासुरवास इतका झाला की तो एकटीने सोसवेना, म्हणून तिने तो देशोदेशीच्या बायांना वाटून दिला. वरवर वाचले तर ही दुःखाची अतिशयोक्ती वाटते. परंतु ‘वाटून देणे’ ही क्रिया पाहा. बाई घरात काय वाटते? हळदीकुंकू वाटते, वाण वाटते, पोर झाले की साखर वाटते. सीता दुःखही तसेच वाटते, आणि ज्या बाईच्या पदरात ते पडले तिचा सीतेशी थेट संबंध जुळतो. दळणारी बाई ‘माझ्या वाट्याला आलेले सीतेचे आहे’ असे म्हणू शकते. देवीची कथा सांगता सांगता स्वतःचे गाऱ्हाणे सांगण्याची ही सोय आहे, आणि सासू पलीकडच्या खोलीत झोपलेली असताना ती सोय किती मोलाची होती, हे वेगळे सांगायला नको.

शब्दांच्या बाबतीत मात्र या संग्रहाकडून मला आणखी मदत हवी होती. ओवीची भाषा शहरातल्या मराठी वाचकाला वाटते तितकी सोपी नाही. ‘बया’ हा शब्द आज आपण वैतागून किंवा हिणवून वापरतो, पण ओवीत बया म्हणजे आई. आपल्या मनगटातले बळ बयाच्या दुधाचे आहे, असे जाते ओढणारी बाई अभिमानाने सांगते. ‘गवळण’ म्हटले की आपल्याला राधा आठवते, आणि ओवीत तो शब्द बहुधा आईसाठी येतो. ‘राघू’ हा मुलगा, ‘मैना’ आणि ‘साळू’ या लेकी, ‘नेणंता’ म्हणजे अजून समज न आलेला लहानगा, ‘शेजी’ म्हणजे शेजारीण. ‘चुडा’ म्हणजे बांगड्या खऱ्या, पण बहुतेक वेळा चुडा म्हणजे जिवंत नवरा. चुड्याला आयुष्य मागणारी ओवी दागिन्यांची ओवी समजून वाचली, तर ती पोकळ वाटेल. ‘वैरण’ म्हणजे आपल्याला गुरांचा चारा माहीत असतो, पण जात्याच्या तोंडात घातलेली धान्याची मूठ हीसुद्धा वैरणच, कारण जातेही त्या घरातले एक खाते तोंड आहे.

इंग्रजी भाषांतरात राघूच्या जागी ‘मुलगा’ ठेवला की अर्थ पोचतो, पण मराठी वाचकाला तो शब्द आणि त्याचा अर्थ यांच्यामधला प्रवासही हवा असतो. ओव्यांचे भाषांतर जाणकारांनी जीव लावून केलेले आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हिंदी किंवा तमिळ वाचकालाही या ओव्या त्यामुळेच कळू शकतात. तरीही ज्या भाषेत ओवी जन्मली, त्या भाषेच्या वाचकासाठी मराठीतून मराठीत असा शब्दार्थ प्रत्येक ओवीखाली असावा, असे मला मनापासून वाटते. पुण्यात वाढलेल्या मुलीला परभणीची ओवी कळायला आज तिच्या इंग्रजी भाषांतराचा आधार घ्यावा लागतो, हे मी माझ्या भाचीच्या बाबतीत पाहिले आहे. ‘सासुरवास’ या शब्दाचे इंग्रजी वाचून तिला छळ समजला, पण ‘वनवास’ आणि ‘सासुरवास’ या दोन शब्दांतला ‘वास’ एकच आहे, आणि म्हणून सीतेची ओवी गाताना हे दोन्ही शब्द एकमेकांना लगटून येतात, ही गोष्ट तिला त्यातून कळणे शक्यच नव्हते.

ध्वनिमुद्रणांविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण अर्थाचा मोठा हिस्सा तिथे आहे. छापलेल्या ओवीत दोन ओळी दिसतात. गाताना मात्र पहिल्या ओळीचा अर्धा भाग दोनदा येतो, मध्ये ‘गं बाई’, ‘सांगते तुला’ असे शब्द येतात, आणि दुसऱ्या ओळीचा शेवट बराच लांबवला जातो. त्यामुळे ऐकणारीला उत्तरासाठी थांबावे लागते. ‘सरलं दळण’ हे शब्द दोनदा म्हणून झाल्यावर जेव्हा ‘सरलं म्हणू कशी’ येते, तेव्हा बाई आपलेच बोलणे मागे घेते आहे हे कानाला ताबडतोब कळते. कागदावर मला ते इतकी वर्षे दिसले नव्हते. शिवाय जात्यावर बहुधा दोघी बसतात. एक ओवी उचलते आणि दुसरी तिच्या मागून म्हणते, किंवा स्वतःची ओवी जोडते. ‘सांगते तुला’ यातली ‘तू’ कोण, तर समोरची जोडीदारीण, नाहीतर जाते. ही हाक छापील पाठातून पुष्कळदा गळून जाते आणि मग ओवी कोणाला उद्देशून नसलेली कविता होऊन बसते. जुन्या फितींचा आवाज स्टुडिओतल्यासारखा स्वच्छ नाही, मागे घरातली हालचालही ऐकू येते. मला त्याचा त्रास झाला नाही. कानाला लावायचे हेडफोन वापरले तर उच्चार जास्त चांगले कळतात.

‘पारी’च्या लोकांनी जुन्या नोंदींवरून गावोगाव पुन्हा जाऊन काही गाणाऱ्या बायांना शोधले आणि त्यांच्या नव्या चित्रफिती केल्या, ही फार चांगली गोष्ट झाली. वीस वर्षांनी तीच बाई तीच ओवी म्हणताना एखादा शब्द बदलते, आणि त्या बदलातही अर्थाचा धागा असतो.

उणिवा सांगायच्या तर शब्दार्थाचा उल्लेख मी वर केलाच आहे. दुसरी गोष्ट अशी की एवढ्या मोठ्या संग्रहात ठरावीक ओळ शोधायला निघालेल्या वाचकाला पुष्कळ धीर धरावा लागतो. बोलीनुसार एकच शब्द ‘जन्म’, ‘जल्म’, ‘जनम’ असा तीन प्रकारे लिहिला जातो आणि तसाच तो लिहिला जावा, कारण तो गाणारीचा उच्चार आहे. पण शोधणाऱ्याने आपल्याला आठवणारे सगळे उच्चार लिहून पाहायला हवेत. विषयाच्या वाटेने गेलात तर लवकर पोचाल. तिसरी सूचना चालीविषयी. बाया चालीला ‘गळा’ म्हणतात. कोणत्या गावची ओवी कोणत्या गळ्यावर आहे, हे ठळक नोंदवून एका गळ्याच्या ओव्या एकत्र ऐकता आल्या, तर फार मोठी सोय होईल.

ही सूचना खरे तर माझी नाही, माझ्या आत्याची आहे. तिचे वय 84 आहे आणि तिने लग्नानंतर बारा वर्षे रोज दळण केले. मी तिला मराठवाड्यातल्या चार-पाच ओव्या मोबाइलवर ऐकवल्या. तिने सगळ्या शांतपणे ऐकल्या आणि म्हणाली, ‘बोल आमचेच हायेत, गळा आमचा न्हाई. ह्या गळ्यावर रडाया येतं, आमच्या गळ्यावर दळण लवकर उरकायचं.’ मग त्यांतलीच सीतेची एक ओवी तिने आपल्या गळ्यावर म्हणून दाखवली. शब्द जवळजवळ तेच होते. तिच्या तोंडी मात्र सीता रडत नव्हती. ती सासूला सुनावत होती.

म्हणून या विभागात जाणाऱ्यांना माझे सांगणे असे की आधी आवाज ऐका, मग मराठी पाठ वाचा आणि इंग्रजी भाषांतर सगळ्यात शेवटी उघडा. एका बैठकीत एकाच गावच्या ओव्या घ्या. घरात जाते ओढलेली कोणी बाई असेल, तर तिला शेजारी बसवा आणि अडलेला शब्द तिला विचारा. आत्याने त्या दिवशी सांगितलेले अकरा शब्द मी वहीत उतरवून घेतले आहेत. त्यांतले चार कोशांत मला सापडलेले नाहीत.